केसरीनाथने न घेतलेलं नाव

भिवंडीच्या निजामपुऱ्यात आमच्या अब्बांचा बारा लूमचा कारखाना होता. शुक्रवारी तो बंद असायचा, आणि बंद असायचा म्हणून त्या दिवशी तो आमच्या ताब्यात असायचा. आम्ही तिघं. मी यहया, गिटारवर. शेलार गावचा चंद्रा, ढोलावर. आणि त्याच गावचा केसरीनाथ भोईर, बेंजोवर. बेंजो म्हणजे आपल्याकडे हळदीला वाजतो तोच, टाइपरायटरसारखी बटणं असलेला.

आमच्या बँडचं नाव ‘खटखट’. ते अब्बांनीच दिलं, शिवी म्हणून. "सहा दिवस लूमची खटखट, सातव्या दिवशी तुमची."

आज लोक ‘खटखट’वर लेख लिहितात, कॉलेजातली पोरं आमच्या चाली वाजवतात, म्हणून मला केसरीनाथबद्दल लिहायला सांगितलं गेलं. मी लिहितो. पण तो मला म्हणाला आहे, "यहया, लिहिशील तर ते लिही. नाहीतर लिहू नको." तेव्हा ते लिहितो.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. तेव्हा हळदीला बेंजो पार्टी आली की हिंदी पिक्चरची गाणी वाजायची. केसरीला ते आवडायचं नाही. तो म्हणायचा, "आमच्या गावात भात लावताना बायका म्हणतात, खाडीवर बाप्ये म्हणतात, लग्नात धवलारणी म्हणतात. हे सगळं गाणं आहे ना? मग ते कुणीच का वाजवत नाही?" मग आम्ही तीच गाणी धरली. मात्र गोड करून नाही. माझी गिटार चोरबाजारातली, तिचा आवाज फाटका. बेंजो सरळ मोठ्या स्पीकरला जोडलेला. ठेका लूमचा.

कोनगावला पहिल्या हळदीत लोक नाचायला उठले आणि नुसतेच उभे राहिले. एकाने विचारलं, "कुनी मेला का रं?" पण मागच्या म्हाताऱ्या बायका उठून पुढे आल्या आणि स्पीकरसमोर मांडी घालून बसल्या. केसरीने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा तेव्हा कसा झाला होता ते मला अजून आठवतं.

तो स्वतःही गाणी रचायचा. त्या दिवसांत काल्हेरपासून शेतं जायला लागली होती आणि गोडाऊनं उभी राहत होती. जिथे खळं होतं तिथे वॉचमनची खुर्ची आली, यावर त्याने एक गाणं केलं होतं. ते गाताना तो कधी ओरडायचा नाही, पत्ता सांगावा तसा गायचा. लोकांच्या पोटात ते तसंच शिरायचं.

नव्याण्णव साली आम्ही कॅसेट काढली, ‘गोडाऊनच्या आधी’. सुरुवातीला दोन मिनिटं एका बाईचा आवाज आहे. ढोल नाही, गिटार नाही, नुसता आवाज. मग एक लूम सुरू झाल्याचा खडखडाट आणि त्यावर बेंजो. ही दोन मिनिटं म्हणजेच ‘खटखट’, असं आता सगळे म्हणतात. तो आवाज केसरीच्या आईचा. ठकुबाई नामा भोईर.

ठकूकाकी धवलारीण होत्या. आगरी लग्नात भटजीच्याही आधी धवलारणीचा मान. हळद लावण्यापासून मांडवातल्या प्रत्येक विधीला त्या गाण्यातून वाट दाखवतात, त्याला धवला म्हणतात. हे काम जोडीनं करायचं. काकींची जोडी गावातल्याच काशीबाईंशी. काशीबाई वयाने मोठ्या, त्यांनीच काकींना शिकवलेलं.

केसरीने काकींना कारखान्यात आणलं तेव्हा त्या बिचकल्या. "नवरा न्हाय, नवरी न्हाय, मांडव न्हाय. धवला कुनाला बोलू?"

केसरी म्हणाला, "आये, एकदाच."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मग एक पाट मागितला. पाटावर केसरीचा बेंजो आणि माझी गिटार शेजारी शेजारी ठेवली. "ह्यो नवरा, ही नवरी," म्हणाल्या आणि डोळे मिटून सुरू झाल्या. अब्बा दारात उभे होते. ते आत आले नाहीत, पण धवला संपेपर्यंत गेलेही नाहीत.

कॅसेटच्या पहिल्या खेपेला कव्हरवर आमची तिघांची नावं होती, बाकी काहीच नव्हतं. काकींचं नाव टाकायचं राहून गेलं. तेव्हा ते खरंच राहून गेलं होतं.

दोन हजार दोनमध्ये आमच्याकडच्या एका केबलवाल्याने लोकल चॅनेलवर संध्याकाळचा मुलाखतीचा कार्यक्रम सुरू केला. केसरीला आणि मला बोलावलं. चंद्राची ड्युटी होती. आमच्याबरोबर मुंबईचे एक संगीतकार पाहुणे होते, रेशमी कुडता, हळू बोलणं. कार्यक्रमाच्या आधी चहा घेताना ते केसरीला म्हणाले, "तो पहिला आवाज ऐकला. असा कच्चा माल शहरात मिळत नाही. तुम्ही संशोधकच म्हणायचे. किती गावं पालथी घातलीत?"

केसरी लाजून हसला. संशोधक हा शब्द त्याला आयुष्यात पहिल्यांदा कुणी लावला होता. तो दहावी नापास, कापड रंगवायच्या एका डाइंगमध्ये कामाला. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो बाही खाली ओढत होता. हाताला रंग लागलेला होता.

कार्यक्रम थेट होता. निवेदकाने विचारलं, "त्या आवाजात काय दर्द आहे! कोण आहे ती बाई?"

मला वाटलं, आता हा सांगणार आणि मजा येणार. संगीतकारसाहेबांचा चेहरा बघायला मी वळलोसुद्धा.

केसरी म्हणाला, "गावागावातून फिरताना एक म्हातारी भेटली होती. अडाणी बाई. नाव आता आठवत नाही."

तो पाणी प्यायला. निवेदक म्हणाला, "वा." आणि पुढचा प्रश्न आला.

मी शेजारीच बसलो होतो. मला तोंड होतं. मी केसरीच्या बुटांकडे पाहत राहिलो. नवे होते, त्याच कार्यक्रमासाठी घेतलेले.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "यार केसरी, हे काय बोललास?"

"सुटलं तोंडातून. पण तूच सांग, धवलारणीचा पोरगा म्हटलं असतं तर त्याने पुढे काही विचारलं असतं का?"

"काकींनी बघितलं असेल तर?"

"तिला काय कळतंय त्यातलं."

ठकूकाकी तेव्हा पन्नाशीच्याही नव्हत्या. म्हातारी म्हणण्यासारखं त्यांच्यात काहीच नव्हतं.

केसरी घरी गेला तर काकींनी भात आणि बोंबलाचं कालवण वाढलं. "जेव," म्हणाल्या. बाकी काही नाही. केसरीने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, "बघ, मी म्हटलं नव्हतं? तिला काही कळलंच नाही." आम्ही दोघांनी ते मानून टाकलं. मानणं सोयीचं होतं.

पुढे कॅसेटची दुसरी खेप निघाली तेव्हा छापणाऱ्याने विचारलं, सुरुवातीच्या आवाजापुढे काय लिहू? टीव्हीवर एकदा सांगून झालं होतं. केसरीने लिहून दिलं, ‘धवला : अज्ञात’. त्याचं अक्षर चांगलं नाही, ‘ज्ञ’ मी नीट करून दिला. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

दोन हजार पाचच्या सुमाराला डीजे आले आणि आमची बोलावणी कमी झाली. चंद्रा नोकरीला सौदीत, दमामला गेला. मी अब्बांचे लूम सांभाळायला लागलो. केसरी काल्हेरला एका गोडाऊनमध्ये लागला, आज तो तिथे सुपरवायझर आहे. ज्यांच्यावर गाणी केली त्यांच्याच आत ड्युटी, यावर आम्ही दोघं हसायचो. काकींनीही गाणं सोडलं होतं. लग्नाला जात नाहीत का, म्हणून मी एकदा विचारलं, तर केसरी म्हणाला, "गुडघे धरलेत तिचे."

मग कुणीतरी आमची कॅसेट इंटरनेटवर टाकली. पनवेलची, पालघरची, अलिबागची पोरं बेंजो आणि गिटार एकत्र वाजवायला लागली. त्या सगळ्या प्रकाराला ‘गोडाऊनवाली गाणी’ असं नाव पडलं. आणि तो पहिला आवाज झाला ‘खटखटची आजी’. आजी कोण होती, कुठल्या गावची, जिवंत आहे का, यावर लोक वाद घालायचे. केसरीला फोन यायचे. तो प्रत्येकाला तेच सांगायचा, नाव आठवत नाही. एकदा बोललेलं खोटं पुन्हा बोलायला जीभ अडखळत नाही, असं तो मला म्हणाला आहे. अडखळायचा तो फोन ठेवल्यावर. गोडाऊनच्या मागे जाऊन तोंड धुवायचा.

गेल्या वर्षी मेघाली आली. डोंबिवलीची, वय सत्तावीस, स्वतःचा बँड आहे. तिला ‘गोडाऊनच्या आधी’ची पंचवीस वर्षं साजरी करायची होती. भिवंडीतच हॉल घेतला होता, रविवारची दुपार, पाच बँड येणार होते. पण तिला आजी हवी होती. आठ महिने ती कोन, खारबाव, पडघा अशी फिरली. म्हाताऱ्या बायकांना मोबाइलवर आवाज ऐकवायची आणि विचारायची, ओळखता का? फिरत फिरत ती शेलारमध्येच पोहोचली, केसरीच्या घरापासून चार घरं सोडून राहणाऱ्या पार्वतीबाईंकडे.

पार्वतीबाईंनी अर्धी ओळ ऐकली. "ही तर आमची ठकू. केसरीची आय."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मेघाली काल्हेरला केसरीसमोर उभी राहिली. तिला बघितल्याबरोबर केसरी तिला बाजूला घेऊन गेला. ट्रकच्या आडोशाला दोघं बोलले.

"काका, मला माफ करा," ती म्हणाली. "मी तुम्हाला उगाच सतावलं."

केसरीला काही कळेना.

"पार्वतीआजींनी सगळं सांगितलं. टीव्हीवर तुमची मुलाखत चालली होती तेव्हा त्या तुमच्याच घरी होत्या. तुमच्या आईंनीच सांगितलं ना, माझं नाव घेऊ नको म्हणून? मांडवाबाहेर धवला गायला म्हणून त्यांना लाज वाटत होती. तुम्ही बावीस वर्षं त्यांचा शब्द पाळलात. जग विचारत होतं तरी बोलला नाहीत." तिचे डोळे भरले होते. "हे मला स्टेजवर सांगायचंय. सांगू?"

त्या क्षणी केसरी नाही म्हणू शकला असता. त्याने मान डोलावली. हो, सांग.

संध्याकाळी तो सरळ पार्वतीबाईंकडे गेला. त्यांनी त्या दिवसाचं सांगितलं. केसरी टीव्हीवर येणार म्हणून शेजारपाजारच्या दहाबारा जणी जमल्या होत्या. काशीबाईही होत्या. काकींनी सगळ्यांसाठी चहा केला होता. केसरी ‘नाव आठवत नाही’ म्हणाला आणि सगळ्या जणी काकींकडे बघायला लागल्या. मग काकी हसल्या. म्हणाल्या, "मीच सांगितला व्हता त्याला, माजा नाव घेऊ नको. मांडवाभायेर धवला बोलले, लाज वाटते ना."

"आम्हाला खरा वाटला," पार्वतीबाई म्हणाल्या. "पन काशी उठून उभी ऱ्हायली. बोलली, मना इचारल्याबिगर धवला बाजारात मांडलास, आनि आता नाव लपवतेस? तेच्यानंतर काशीनं तिला कंदी जोडीला घेतली न्हाय. एकट्या धवलारणीला कोन बोलवतो? ठकूला तवापासून कुनी बोलावला न्हाय."

"तिचे गुडघे..." केसरी म्हणाला.

"गुडघे आता दुखतात रं. तवा ती तुज्या पुढं धावायची."

त्या संध्याकाळी तो माझ्याकडे कारखान्यात आला. लूम चालू होते. त्या आवाजात त्याने मला हे सगळं कानाशी ओरडून सांगितलं, म्हणून मला त्याचं रडणं दिसलं, ऐकू आलं नाही.

"मेघालीला फोन कर, खरं सांग," मी म्हणालो.

"तिला काय सांगू? की मी तुला आज दुपारीच पुन्हा फसवलं?"

रविवारी हॉल भरला होता. काकींनाही बोलावणं होतं, पण गुडघ्यांमुळे त्या घरीच राहिल्या. पोरांनी आमची गाणी वाजवली, खरं सांगतो, आमच्यापेक्षा चांगली. मग मेघाली माइकसमोर आली. "आज आजीचं नाव कळणार आहे," म्हणाली आणि ठकुबाई नामा भोईर हे नाव घेतलं. लोक उभे राहिले. मग तिने आईचा शब्द पाळणाऱ्या मुलाची गोष्ट सांगितली. माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई डोळे पुसत होती. मेघालीने केसरीला वर बोलावलं.

त्याने माइक हातात घेतला आणि मान खाली घातली. लोकांना वाटलं, भरून आलंय.

"हिने सांगितलं ते खोटं आहे," तो म्हणाला. "तिची चूक नाही. तिने विचारलं तेव्हा मी त्या खोट्याला मान डोलावली. माझ्या आईने मला नाव घेऊ नको असं कधीच सांगितलं नव्हतं. मला एका मोठ्या माणसासमोर धवलारणीचा मुलगा म्हणवून घ्यायची लाज वाटली, म्हणून मी म्हणालो, एक अडाणी म्हातारी भेटली होती. आई घरी बघत होती. तिने मला वाचवलं आणि त्यापायी तिचं गाणं गेलं. कव्हरवर अज्ञात मी लिहिलं."

मी खुर्चीत बसलो होतो. ‘ज्ञ’ मी नीट केला हे तेव्हाही उठून सांगता आलं असतं. मी बसून राहिलो.

मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळ्यांनीच वाजवली. "काय हिंमत आहे," असं माझ्या मागून ऐकू आलं. केसरीने दोन्ही हात हलवले, नको नको म्हणून. त्यामुळे टाळ्या आणखी वाढल्या. तो स्टेजवरून उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. मेघाली एका बाजूला उभी होती. ती एकटीच टाळ्या वाजवत नव्हती.

मी त्याला स्कूटरवर बसवून शेलारला आणलं. वाटेत मी ‘ज्ञ’ची गोष्ट काढली, तर तो म्हणाला, "माहिती आहे मला. मीच बघत होतो ना." एवढंच.

ठकूकाकी मागच्या पडवीत भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या. दिवस अजून मावळायचा होता. केसरी त्यांच्यासमोर जमिनीवर बसला, मी दारात उभा राहिलो.

"आये, आज हॉलमध्ये सगळ्यांना सांगितलं मी. टीव्हीचं. खरं काय ते."

"समद्यांना सांगितलास?"

"हो."

"मंग आता मना सांग."

चारशे लोकांसमोर जे बोलून आला ते केसरीला तिथे बोलता येईना. काकी वाल सोलत राहिल्या. साल एकीकडे, डाळिंबी एकीकडे.

"मला लाज वाटली होती," तो शेवटी म्हणाला.

"कशाची?"

"तुझी."

काकींचा हात थांबला नाही. "हां," त्या म्हणाल्या. "ह्ये मना तवाच समजला व्हता. तुज्या तोंडून ऐकायचा व्हता." थोड्या वेळाने म्हणाल्या, "बायका बसल्या व्हत्या म्हनून मी हसले. त्या गेल्या, मंग चहाचे कप धुतले. दहाबारा कप व्हते. तवर तू आलास."

केसरी त्यांच्या पायांकडे वाकला. त्यांनी पाय आत ओढून घेतले. "दुखतात," म्हणाल्या.

काशीबाई सहा वर्षांपूर्वी गेल्या. त्यांना आता कुणी काही सांगू शकत नाही. केसरीने हे काकींजवळ काढलं नाही, काकींनीच काढलं. "काशी ऱ्हायली आस्ती तर तुला तिच्याकडं धाडला आस्ता," एवढंच म्हणाल्या.

इंटरनेटवर आता नाव बदललं आहे. मेघालीने ते आठवडाभरात करून घेतलं. केसरीने काकींना मोबाइलवर दाखवलं. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी ते निरखून पाहिलं आणि विचारलं, "ह्येच्यात तुजा बाबा कुटं हाय?" केसरीने ‘नामा’वर बोट ठेवलं. त्यांनी मान हलवली आणि मोबाइल परत दिला.

मेघाली महिनाभर केसरीशी बोलली नाही. मग एका रविवारी ती शेलारला आली, केसरीला न विचारता. काकींसमोर बसून म्हणाली, मला धवला शिकवा. काकींनी तिचा मोबाइल पिशवीत ठेवायला लावला. भरून घ्यायचं नाही, ध्यानात ठेवायचं. दर रविवारी यायचं. आणि एक दिवस मांडवात, खऱ्या नवरा-नवरीसमोर, त्यांच्या जोडीला उभं राहायचं. मेघालीने सगळ्याला हो म्हटलं.

परवाच्या रविवारी मी तिथे होतो. केसरीला कधी नव्हे ती सुट्टी मिळाली होती. तो भिंतीला टेकून बसला, आता ऐकायला मिळेल म्हणून. बावीस-तेवीस वर्षांत त्याने आईचा धवला कॅसेटवरच ऐकलेला.

काकींनी पाटावर बसून घसा साफ केला. मग त्याच्याकडे पाहिलं.

"तू भायेर बस."

केसरी उठला.

"यहया, तू बी."

आम्ही दोघं ओट्यावर येऊन बसलो. आतून काकींची पहिली ओळ आली. आवाज खाली गेलाय, फाटलाय, पण सूर तोच. मग मेघालीने तीच ओळ म्हटली. काकींनी तिला थांबवलं, एक शब्द पुन्हा सांगितला. पुन्हा ओळ आली. केसरी मान खाली घालून ऐकत होता, हात गुडघ्यांत.

"मेघाली," आतून काकी म्हणाल्या, "ती खिडकी लाव गं बाय."

खिडकी लागली. आम्ही तिथेच बसून राहिलो.